सव्वादोनच्या बांगड्या

जाहेदा मनियार गेल्या महिन्यात आमच्या लॅबमधून निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी बोलले. कष्टाळू, मनमिळाऊ, पेशंटची लाडकी, असे अशा वेळी बोलायचे सगळे शब्द बोलले आणि खाली बसल्यावर वाटलं, हे सगळं खरं असूनही मी खोटं बोलले. ज्या बाईच्या शेजारच्या खुर्चीवर मी वीस वर्षं बसले, तिच्यावर मी वीस वर्षं जळले, आणि ते भाषणात कुठंच आलं नाही. म्हणून आता लिहून काढते.

लॅब पैठण गेटजवळच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. जाहेदा तिथं आली दोन हजार एक साली. तेव्हा रक्त घ्यायची एकच खुर्ची होती आणि ती माझी होती. माझ्याकडे डिप्लोमा होता, इस्त्रीचा पांढरा कोट होता आणि त्या कोटाचा ताठा होता. ती आली काचेच्या नळ्या धुवायला. अडतिशीची, सावळी, डोक्यावर ओढणी, आणि ओढणीच्या खालून कमरेपर्यंत आलेली मनगटाएवढी जाड वेणी. मी पहिल्या दिवशी तिचं तोंड बघितलं नाही, वेणी बघितली.

तिचे वडील नूरमोहम्मद पाचोडच्या आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान मांडायचे. त्याआधी आजोबांचं दुकान इथं शहरात होतं. अठ्ठेचाळीसच्या पोलिस ॲक्शननंतर त्यांनी ते आवरलं आणि पाचोड गाठलं. यापुढचं ती कधी सांगत नसे आणि मीही विचारलं नाही. लहानपणापासून ती बापाच्या शेजारी बसून बायकांना बांगड्या भरायची. पुढं युसूफशी लग्न होऊन ती परत शहरात आली, आणि युसूफची चितेगावची कंपनी बंद पडल्यावर नळ्या धुवायला आमच्याकडे.

दोन-तीन महिन्यांनी चतुराबाई नावाची ऐंशीची म्हातारी तपासणीला आली. मी तीनदा सुई टोचली, शीर काही सापडेना. म्हातारी रडकुंडीला आलेली, मी चिडलेली. जाहेदा मोरीतून ओले हात पुसत आली आणि काही न विचारता तिनं म्हातारीचा हात हातात घेतला. बांगड्या भरताना घेतात तसा. बोटं एकत्र जमवली, अंगठ्याखालचा मांसल भाग चेपला, मनगट हळूहळू वर सरकवत चोळलं.

"कोणत्या गावच्या, माय?"

"गंगापूरची."

"गंगापूरच्या बायांचे हात लई नाजूक. सव्वादोनच्या वर बांगडी लागत नाय."

म्हातारी हसली, हात सैल पडला आणि शीर वर आली. मी सुई घातली. रक्त माझ्या सुईत आलं, पण म्हातारी जाताना आशीर्वाद देऊन गेली जाहेदाला. डॉक्टरसाहेब दारात उभे राहून बघत होते. पुढच्या महिन्यात दुसरी खुर्ची आली. वर्षभर त्यांनी तिला समोर उभं राहून शिकवलं. मग ती रक्त घेऊ लागली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं ते लागलंच.

दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या की माणसं निवड करतात. माझी खुर्ची रिकामी असायची आणि लोक म्हणायचे, "आम्ही थांबतो. त्या ओढणीवाल्या बाईकडंच घेऊ." मी कापसाचे बोळे वळत बसायची. कमीत कमी सहा डबे बोळे मी नुसत्या रागात वळले असतील.

त्यात तिची एक खोड होती. आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो, 'चालू औषधे'. मी विचारायची, "काही गोळ्या चालू आहेत का?" समोरचा नाही म्हणायचा, मी लिहायची नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. जाहेदा तसं ऐकून घेत नसे. ती म्हणायची, "पिशवी दाखवा." कुणाच्या पिशवीत वैद्याच्या पुड्या, कुणाच्या कनवटीला कॅल्शियमच्या गोळ्या, कुणाच्या बटव्यात मुलीनं पुण्याहून पाठवलेली पावडर. ती सगळं बाहेर काढायला लावायची, नावं वाचता आली नाहीत तर पाकीटच फॉर्मला टाचायची. रांग जिन्यापर्यंत जायची. मी मोठ्यानं म्हणायची, "ही रक्त घेते का झडती?" ती म्हणायची, "ताई, लोक औषध त्यालाच म्हणतात जे डॉक्टर देतो. बाकीचं त्यांच्या हिशोबात खाणं असतं."

दोन हजार तीनला थायरॉईडच्या तपासण्यांचं मशीन आलं. पेशंटच्या आधी आम्ही आपापलं रक्त लावून बघितलं. पट्टी छापून आली ती आधी माझ्या हातात आली. जाहेदाचं टीएसएच शंभराच्या वर. आमच्या कागदावर साडेचारपर्यंत ठीक समजतात. मागून ॲण्टीबॉडीची तपासणी केली, तीही भरमसाट. म्हणजे शरीराचेच राखणदार गळ्यातल्या ग्रंथीला शत्रू समजून कुरतडत होते. मला त्या वेळी बरं वाटलं. हे लिहिताना हात अडखळतो, पण वाटलं. मनात आलं, हिलाही काहीतरी कमी आहे.

तिला मात्र धक्काबिक्का बसला नाही. "म्हणजे मी आळशी नाय," एवढंच म्हणाली. तीन बाळंतपणांनंतर सारखी झोप यायची, अंग सुजायचं, सासू ऐदी म्हणायची, आणि तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. वर्षभरात ती टवटवीत झाली आणि माझं बरं वाटणं संपलं.

मग थायरॉईडचे पेशंट वाढले. एकदा चितेगावची सरूबाई रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली. "बाई, हे आकडे काय सांगत्यात?" मी कागदावर मेंदू काढला, त्याखाली पीयूषिका ग्रंथी काढली, बाण काढले, गळ्यातली ग्रंथी काढली. सरूबाई माझ्या चित्राकडे आदरानं बघत राहिली. तिला काहीही कळलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरून जाहेदा म्हणाली, "मावशी, टीएसएच म्हणजे सासूची हाक. टी-फोर म्हणजे टोपल्यातल्या भाकरी. सून भराभर भाकरी टाकत असली की सासू गप. सून हळू झाली, टोपलं रिकामं दिसलं, की सासू हाका मारते. जितकं टोपलं रिकामं, तितकी हाक मोठी."

"मंग माझी सासू लई वरडायली म्हणायची."

"हौ. अन् ही ॲण्टीबॉडी हाय ना, ते घरातलंच कुणीतरी सुनेला चिमटे काढतंय. म्हणून ती हळू झाली. चिमटे काढणारं घराबाहेर काढता येत नाय. म्हणून भाकरी बाहेरून आणायच्या. ती ही गोळी. भाकरी येत राहिल्या की सासू गप बसते."

"मंग गप बसली की गोळी बंद करू?"

"बंद केली की टोपलं परत रिकामं."

सरूबाईला सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी दोघी आणल्या आणि त्या माझ्यासमोरून जाऊन जाहेदासमोर बसल्या. माझ्या डिप्लोम्याची दोन वर्षं त्या टोपल्यात गेली. सगळ्यात जास्त राग याचा आला की पुढच्या आठवड्यापासून मीही पेशंटना सासूच सांगायला लागले.

दोन हजार नऊला मला तोच आजार निघाला. तोच, तसाच, त्याच ॲण्टीबॉडी. आजारातही मी तिच्या मागून. सुरुवातीला तीच मला सगळं सांगायची, आणि मला माहीत असलेलंच ती सांगते म्हणून मी तोंड वाकडं करायची. उठल्याबरोबर गोळी, साध्या पाण्याबरोबर. तासभर चहा नाही. लोहाची, कॅल्शियमची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ द्यायचे. तपासणीच्या दिवशी आधी रक्त, मग गोळी. डोस बदलला की सहा आठवडे मशीनकडे फिरकायचं नाही, कारण सासूला गप व्हायलाही वेळ लागतो. रमजानमध्ये ती पहाटे सहरीच्या जेवणाआधी तासभर उठून गोळी घ्यायची, मग स्वयंपाकाला लागायची. तेरा-चौदा वर्षांत तिचा एकही दिवस चुकला नव्हता. माझा आठवड्यातून एक चुकायचा, कारण मला सकाळी चहा लागतो.

हेही मी सोसलं असतं. सोसलं नाही ते केसांचं. एकच आजार, एकच गोळी, आणि माझ्या कंगव्यात रोज गुंतवळ, न्हाणीच्या जाळीत गुंतवळ, भांगात रुपयाएवढी जागा मोकळी. आणि शेजारच्या खुर्चीवर कोटावरून खाली कमरेपर्यंत ती काळी वेणी. ती पेशंटवर वाकली की वेणी खांद्यावरून पुढं यायची आणि ती सहज हातानं मागं टाकायची. ते मागं टाकणं मला बघवत नसे. दिवसातून चाळीस वेळा तरी व्हायचं ते.

दोन हजार सोळाच्या दिवाळीत मी शहागंजच्या एका औषधाच्या दुकानातून केसांच्या गोळ्या आणल्या. व्हिटॅमिनच्या. दहा मिलिग्रॅमची एक सांगितली होती, मी दोन घेत होते. डबी मोहरीच्या डब्यात लपवली. नवऱ्यापासून लपवायचं काहीच कारण नव्हतं, बन्सीधरला माझे केस आहेत की नाहीत हेही सांगता आलं नसतं. पण ज्या गोष्टीची लाज वाटते ती माणूस मोहरीत ठेवतं.

जानेवारीत माझी नेहमीची तपासणी होती. माझं रक्त मी कधी जाहेदाला घेऊ देत नसे, लॅबमधल्या नव्या मुलीकडून घ्यायची. फॉर्म मीच भरला. 'चालू औषधे' मध्ये थायरॉईडची गोळी लिहिली. बाकी काही नाही. केसांच्या गोळ्या माझ्या हिशोबात खाणं होतं.

टीएसएच आलं शून्याला टेकलेलं, टी-फोर वर. म्हणजे सासू एकदम गप आणि टोपलं भरून वाहतंय. डॉक्टर म्हणाले, गोळी जास्त होतेय. शंभरची पन्नास केली. सहा आठवड्यांनी परत तेच. गोळी बंद केली. आणखी महिन्यानं तपासलं तर टी-फोर आणखी वर. गोळी बंद, तरी भाकरींचा ढीग. मग दुसऱ्या एका ॲण्टीबॉडीची तपासणी केली, तीही आमच्याच मशीनवर, ती आली पॉझिटिव्ह. डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, आजार उलटला, ग्रंथी आता बेलगाम पळतेय. पुण्याला पाठवतो, किरणोत्सारी आयोडीनचा डोस देऊन ती ग्रंथी जाळून टाकतील, मग जन्मभर गोळी. मे महिन्यातली तारीख ठरली.

आणि मी? माझी ग्रंथी म्हणे पळत होती, आणि मला जिना चढवत नव्हता. एप्रिलच्या उन्हात मी कोटाखाली स्वेटर घालत होते. आवाज घोगरा झाला. पेशंटचं नाव तीनदा विचारायची. एका सकाळी वच्छलाबाई नावाच्या बाईची शीर मी दोनदा चुकले, आणि तिसऱ्यांदा सुई हातात धरून कुठं टोचायची हेच विसरून उभी राहिले. डॉक्टरांनी मला प्रेमानंच सांगितलं, "आशाताई, पुण्याचं होईपर्यंत तुम्ही रिपोर्टच्या खिडकीत बसा." माझी खुर्ची भिंतीला लागली. जाहेदा एकटी सगळी रांग घ्यायला लागली. मला खात्री होती की तिला मनातून बरं वाटत असणार. कारण तिच्या वेळी मला वाटलं होतं.

एप्रिलच्या शेवटी आमच्या घरी पुतणीचं लग्न. हळदीच्या आदल्या दिवशी बायकांना चुडा भरायचा असतो. जाऊबाईंनी मला न विचारता जाहेदाला बोलावलं. "तुझ्याच हापिसातली आहे, घरचीच झाली की," म्हणाल्या. जाहेदा भाऊ फारूखच्या दुकानातून हिरव्या काचेच्या बांगड्यांची पेटी घेऊन आली, चटईवर बसली, आणि घरातल्या बावीस बायका तिच्याभोवती बसल्या. तासाभरात सगळ्या तिला ताई म्हणायला लागल्या. माझ्याच घरात तिची रांग लागली होती.

माझी पाळी आली. बांगड्यांच्या बाबतीत मला तोरा आहे. माझं माहेर गंगापूरचं, पन्नाशीतही माझा हात सव्वादोनचा. जाऊबाई अडीचच्या, त्यांच्या मुली अडीचच्या, आणि मी सव्वादोनची. मी हात पुढं केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सव्वादोनच काढ."

तिनं पहिली बांगडी घेतली. बोटांवरून आली आणि मुठीवर अडली. तिनं हात चेपला. अडली. साबण लावला, परत चेपला, काच कडकन मोडली. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, अडीचच्या काढ. वय झालं आता आशाचं." बावीस बायका हसल्या. मला त्या चटईखाली जावंसं वाटलं.

जाहेदा हसली नाही. तिनं माझा हात सोडलाही नाही. बोटांच्या मागच्या बाजूला अंगठ्यानं दाबलं, उचललं, परत दाबलं. तळवा उलटा केला, दोन्ही हातांत धरून बसली. मग गुपचूप अडीचच्या भरल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, लग्न झालं की लॅबमध्ये लवकर या. लोक यायच्या आधी."

मी गेले, भांडायच्या तयारीनं. तिनं मला तिच्या खुर्चीसमोर बसवलं.

"ताई, तुमचा रिपोर्ट खोटा हाय."

"मशीनला कळत नाही आणि तुला कळतं?"

"मशीननं हात कुठं धरलाय तुमचा." तिनं परत माझा हात घेतला. "थायरॉईड पळत असलेल्या बाईचा हात मला माहीत हाय. गरम, ओला, थरथरता. बांगड्या ढिल्या होऊन कोपरापर्यंत जातात. तुमचा हात एप्रिलात थंड हाय. कातडी कोरडी. सूज हाय, पण दाबलं तर खड्डा पडत नाय. माझा हात असाच होता, गोळी सुरू व्हायच्या आधी. अब्बांनी भरलेल्या बांगड्या माझ्या हातात रुतल्या होत्या, फोडून काढाव्या लागल्या. तुमची सून हळू झालीय ताई. पळत नाय."

मी हात ओढून घेतला. तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

तिनं कोरा फॉर्म घेतला. माझं नाव लिहिलं. पेन 'चालू औषधे' वर ठेवलं. "पिशवी दाखवा."

"माझ्याकडे काही नाही."

"मी थांबते."

ती खरंच थांबली. मला माहीत होतं ती थांबणार. पंधरा वर्षं मी तिच्या या थांबण्याला नावं ठेवली होती. खाली रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते, जिन्यावर पहिल्या पेशंटच्या चपला वाजल्या. मला कळत होतं की काय घेते हे सांगितलं की का घेते हेही सांगावं लागणार, आणि ते साऱ्या जगात फक्त हिलाच सांगायचं नव्हतं. पण पंधरा दिवसांनी पुण्याला माझी ग्रंथी जाळणार होते.

"केसांच्या गोळ्या घेते," मी म्हणाले. "दिवाळीपासून."

"नाव?"

"बायोटिन."

आणि तो शब्द माझ्याच तोंडून माझ्या कानावर पडला. आमच्या तपासणीच्या द्रवाच्या प्रत्येक खोक्यात घडी केलेला इंग्रजी कागद येतो. तो कागद मी नीट फाईलला लावते, तेव्हा तेरा वर्षं लावत होते, सरकारी माणूस तपासायला आला तर दाखवायला. त्यात बारीक अक्षरात हेच नाव आहे. मी उठले आणि फाईल काढली. भिंगाची गरज नव्हती, पण माझे डोळे भरले होते म्हणून वेळ लागला. लिहिलं होतं की हे व्हिटॅमिन जास्त प्रमाणात रक्तात असेल तर निकाल चुकतो. टीएसएच खोटं कमी येतं, टी-फोर खोटं जास्त. त्या दुसऱ्या ॲण्टीबॉडीच्या कागदावरही तीच सूचना.

मी तिला मराठीत वाचून दाखवलं. "म्हणजे सासू घसा फोडून ओरडतच होती," ती म्हणाली. "दारात ऐकायला ठेवलेल्या मशीनच्या कानात बोळा होता."

"मीच घातला."

"हौ. पण केसांच्या गोळ्या कशाला, ताई?"

"तुझ्या वेणीमुळं," मी म्हणाले. मग थांबताच येईना. लोक तिच्याकडे रांग लावतात ते, सासूची हाक मी चोरली ते, तिच्या पहिल्या रिपोर्टच्या वेळी मला बरं वाटलं ते, सगळं सांगितलं. आवाज घोगरा होता, अर्धं ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

जाहेदानं उठून दार लोटलं. ओढणी मागं सारली, मानेवरचे दोन आकडे काढले आणि वेणी सोडून माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

गंगावन होतं. मनियाराच्या दुकानात बांगड्यांच्या वर खिळ्याला टांगलेल्या असतात ना काळ्या खोट्या वेण्या, तीच. तिच्या मानेवर स्वतःच्या केसांची करंगळीएवढी शेंडी उरली होती. भांग माझ्यापेक्षा रुंद.

"गोळी सुरू झाल्यावर थोडे आले परत," ती म्हणाली. "वय होतं, बाळंतपणं होती, सगळे नाय आले. ही वेणी अब्बांच्याच दुकानातली. रोज सकाळी गोळी घेते, एक तास चहा नाय, तेवढ्या वेळात हे गुंफते. आणखी काय करायचं त्या तासात?"

माझ्यासाठी काय मोठा क्षण होता तो. आणि मी काय केलं सांगते. ती ओढणी सारखी करत होती तेवढ्यात मी त्या वेणीवर हात ठेवला आणि वितीनं मोजली. तीन विती आणि दोन बोटं.

पुढं फार काही नाही. डॉक्टरसाहेबांना मीच फाईल आणि मोहरीच्या वासाची डबी नेऊन दाखवली. त्यांनी ती बारीक सूचना दोनदा वाचली आणि पुण्याची तारीख पुढं ढकलली. केसांच्या गोळ्या बंद करून दहा दिवसांनी परत रक्त. या वेळी मी जाहेदाच्या खुर्चीसमोर बसले. तिनं बोटं जमवली, हात चेपला, विचारलं, "गंगापूरला माहेर कोणत्या गल्लीत?" मी सांगेपर्यंत नळी भरली होती. सुई कळलीसुद्धा नाही. एवढं हलकं टोचतात, हे पंधरा वर्षं शेजारी बसून मला माहीत नव्हतं, आणि मला त्याही अवस्थेत तिचा राग आला.

टीएसएच आलं शहाऐंशी. ती दुसरी ॲण्टीबॉडी निगेटिव्ह. पुणं रद्द झालं. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली, पंचवीसनं चढवत नेली. जूनमध्ये स्वेटर निघाला, ऑगस्टमध्ये नावं लक्षात राहायला लागली, आणि पोळ्याच्या आधी माझी खुर्ची भिंतीपासून पुढं आली. तिथं पहिल्या दिवशी बसले, हात चोळून गरम केले, आणि रांगेतली पहिली बाई म्हणाली, "मी थांबते. त्या ओढणीवाल्या ताईकडंच घेईन." तिच्या मागची मात्र बसली. मी रकान्यावर पेन ठेवलं आणि म्हणाले, "पिशवी दाखवा." जाहेदानं शेजारून बघितलं नाही, पण तिला ऐकू गेलं होतं.

त्या आठवड्यात ती पाचोडच्या बाजाराला जाऊन आली आणि कागदात गुंडाळलेलं एक पुडकं तिनं माझ्या खणात ठेवलं. त्यात सव्वादोनच्या डझनभर हिरव्या बांगड्या होत्या, सूज पूर्ण उतरली की घालायला. आणि एक गंगावन. माझ्या केसांत दोन पांढऱ्या बटा आहेत, त्यातही तशाच दोन होत्या.

"तुमचं माझ्यापेक्षा लांब आणलंय," ती म्हणाली. "मी मोजलंय. घरी जाऊन मोजू नका."

मी घरी गेले, दार लावलं आणि मोजलं. तीन विती आणि चार बोटं.